तंबूतला ठिपका

प्रिय आई,

नमस्कार. मी धडधाकट आहे, एवढं आधी वाच, मग पुढचं. तुझे गुडघे कसे आहेत?

इथे छावणीत प्रत्येक जवानाच्या छातीला एक यंत्र असतं. उपग्रहावरून त्याची जागा कळते आणि साहेबांच्या पडद्यावर आपला ठिपका दिसतो. सोमवारी सकाळी माझा तंबूतला जोडीदार लंबू पाणी आणायला गेला आणि यंत्र चार्जिंगलाच विसरला. दोन तास झाले तरी परतला नाही, म्हणून मी साहेबांकडे गेलो.

"तंबूतच आहे तो. हा काय ठिपका."

"साहेब, मी तंबूतूनच आलोय. तिथे कोणी नाही."

"पडदा खोटं बोलत नाही."

माझं डोकंच फिरलं. मी एकटा निघालो. लंबू ओढ्यात पाय मोडून पडला होता, त्याला पाठीवर घालून आणलं. शाबासकी राहिली बाजूला, माझा ठिपका न विचारता हलला म्हणून माझीच रजा रद्द झाली. ताईच्या बाळाला बघायला आता येता येणार नाही, तिला तूच समजाव. पाठ जरा धरली आहे, काळजी करू नकोस.

लंबू दवाखान्यात आहे, यंत्र अजून तंबूत. आठवडाभर जागा न सोडणारा जवान म्हणून काल फळ्यावर त्याचंच नाव लागलं.

तुझा,
सध्या जागेवर असलेला धाकटा