उरलेला बोल्ट आणि इतर मिळकत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, पदार्थविज्ञानाची पदवीधर, वजनमापे निरीक्षक म्हणून चौतीस वर्षे नोकरी करून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे असे लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नाही असे वकीलबाईंनी सांगितले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

वकीलबाईंनी दिलेल्या नमुन्याची सुरुवात मानवी जीवन क्षणभंगुर असल्यापासून होती. ते वाक्य मी गाळले. हे ज्यांना वाचून दाखवले जाईल त्यांना तोवर ते कळलेले असेल.

कलम १. राहते घर, वरचा मजला धरून, माझा एकुलता एक मुलगा आणि सून यांना समाईक व समसमान. मुलाचे एकट्याचे नाव घालावे असे माझ्या धाकट्या दिरांनी सुचवले. सुचवल्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

कलम २. घराला लागून असलेले गॅरेज सुनेला एकटीला. तेथे व्यायामाची यंत्रे ठेवायची मुलाची इच्छा आहे. "आई, एवढी जागा नुसती अडून पडलीय," असे तो दर रविवारी म्हणतो. जागा अडलेली नाही, कामात आहे. त्याला व्यायामच करायचा असेल तर सूनबाई सांगेल तेव्हा गाडीची चाके काढावीत आणि बसवावीत. दंड आपोआप भरतात. माझे बघावेत.

कलम ३. बँकेतील ठेवी मुलाला. फॉर्म भरून त्याचे नाव लावलेले आहे. याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ४. बोल्ट किती जोराने आवळला ते काट्यावर दाखवणारा माझा पाना नऊ वर्षांपूर्वी दिरांनी "वहिनी, दोन दिवसांत आणून देतो" म्हणून नेला. पुढे त्यांचे म्हणणे बदलत गेले. आधी पाना त्यांनी परत केला होता. मग तो त्यांनी नेलाच नव्हता. गेल्या वर्षी त्यांनी मलाच विचारले, "असा काही पाना असतो तरी का?" तो ज्या लांबट लाल पेटीत असे ती पेटी, आतल्या मखमलीसह, मी दिरांना देत आहे. आतली वस्तू त्यांच्याकडे आहेच. जोडी पूर्ण होईल.

कलम ५. गाडीच्या कामाच्या वह्या, एकूण एकवीस.

सव्वीस वर्षांपूर्वी माझे यजमान, जे गाद्या आणि सोफे शिवण्याचा धंदा करीत, एका बंद पडलेल्या रोपवाटिकेत जुना सोफा आणायला गेले आणि मोटार घेऊन आले. दोन दारांची, वयाने माझ्याहून थोडी लहान, आत कोंबड्यांनी घर केलेले. टेम्पोतून उतरवताना तिचा मागचा बंपर आपण होऊन खाली पडला.

"अहो, सोफा कुठे आहे?" मी विचारले.

"हा काय," ते म्हणाले, आणि त्यांनी मागच्या सीटचा सांगाडा दाखवला.

त्यांनी तिचे नाव ठकी ठेवले. मासिकातल्या चित्रांसारखे बॉनेट कापून, मोठे इंजिन घालून, लाल रंग देऊन तिला भरधाव पळवावे असे त्यांच्या मनात होते. कारखान्यातून ती जशी निघाली तशीच तिला करायची, असे माझ्या मनात होते. तसेच ठरले. सीट त्यांनी शिवायच्या, बाकी मी पाहायचे, आणि रोज एक काम करून वहीत एक ओळ लिहायची. सकाळी ऑफिसला जाण्याआधी मी गाडीखाली आणि ते शेजारी तीन पायांच्या स्टुलावर, हातात पाने घेऊन. पुढे पुढे, "हे स्टूल मला सुखाने बसू देत नाही," असे म्हणत ते एका पायाखाली पेपरची घडी घालीत. मी खालून म्हणत असे, "नीट बसायला शिका."

वह्यांत काय आहे ते पुढच्यांना कळावे म्हणून चार ओळी उतरवते. "डाव्या दाराचा गंज, एक वीत." "आज एकच स्क्रू. हलला नाही." "तोच स्क्रू. हलला." "मुलाचे लग्न. कार्ब्युरेटर धुतला." सव्वीस वर्षांत एकही दिवस कोरा नाही. यजमान गेले त्या दिवशी "काम नाही" असे लिहिले आहे, ती ओळही मोजलेली आहे.

वह्या मुलाला. वाचाव्यात अशी अट नाही. अपेक्षा आहे.

कलम ६. मोटार, म्हणजे ठकी, सुट्या भागांच्या सर्व बरण्यांसह, सुनेला.

सूनबाई दंतवैद्याकडे कवळ्या बनवते. आठ वर्षांपूर्वी लग्न होऊन आली, त्या पहिल्याच आठवड्यात गॅरेजमध्ये येऊन म्हणाली, "आई, हे बटण तुटलंय. मी करून आणू?" तिने करून आणले. तेव्हापासून ठकीच्या चोकचे बटण हिरड्यांच्या रंगाचे आहे. दिरांनी ते पाहून विचारले, "वहिनी, ठकीला दात फुटलेत काय?" सूनबाई म्हणाली, "दात नाही काका, नुसती हिरडी. दात तुम्ही आणा." गाडी तिला देण्याची इतर कारणेही आहेत, पण एवढे पुरे.

आता बोल्टाविषयी, कारण पुढचे कलम त्यावर आहे.

अकरा वर्षांपूर्वी इंजिन आणि गिअरबॉक्स जोडून झाल्यावर थाळीत एक बोल्ट उरला. सतरा नंबरच्या पान्याचा, लांबी चार सेंटिमीटर. सुटा केलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून बरणीत ठेवायचा ही माझी पद्धत. बिनचिठ्ठीचा हा एकच. इंजिन सुरू झाले, आवाजही स्वच्छ होता. यजमान स्वतः शिवलेल्या पुढच्या सीटवर, माझ्या शेजारी, जाऊन बसले.

"चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ."

"बोल्ट उरलाय."

"अगं, चालतेय की गाडी."

"तराजूही चालतो. खोटा असला तरी चालतो."

नोकरीत मी एका सीलसाठी दुकाने बंद केली आहेत. घरच्या गाडीला वेगळा नियम लावणे मला जमण्यासारखे नव्हते. इंजिन मी आणखी दोनदा उतरवले. एकूण एक भोक मोजले. सगळी भरलेली, आणि बोल्ट हातातच.

त्यानंतर सात वर्षे यजमान रोज संध्याकाळी त्या उभ्या गाडीत, त्याच सीटवर बसून पेपर वाचत. पान उलटताना मध्येच विचारत, "सापडली का गं जागा?" आवाजात तक्रार नसे. ठकी जागची हलली नाही. ते गेले त्याला चार वर्षे झाली.

कलम ७. मोटार सुनेने जरूर सांभाळावी व चालू ठेवावी. परंतु सदर बोल्टाची जागा सापडेपर्यंत ती रस्त्यावर आणू नये. ही अट सुनेच्या पश्चात जो मालक होईल त्यालाही लागू राहील.

ज्याच्यावर अट घालायची त्याने ती आधी वाचलेली असावी, म्हणून हे कलम मी सूनबाईला दाखवले. तिने ते दोनदा वाचले.

"आई, बाबांनी सात वर्षं वाट पाहिली. तुमची अकरा झाली. माझ्या वाट्याला किती लिहिलीत?"

"सापडेपर्यंत."

"आणि नाहीच सापडली तर?"

"तुझ्या सुनेला दे."

हे मी गमतीने म्हणाले होते. ती हसली नाही. "तुमची गाडी आहे, तुम्ही म्हणाल तसं," म्हणाली आणि कामावर गेली. कलम तसेच ठेवले.

कलम ८. अवजारे. "अवजारे वगैरे" असे लिहून भागणार नाही, "वगैरे"वरून सख्खे भाऊ कोर्टात जातात, असे वकीलबाईंचे म्हणणे पडले. म्हणून एकेक वस्तू हातात घेऊन यादी करीत आहे. सर्व सुनेला.

टेबलाला जोडलेला व्हाइस, एक. जॅक, दोन, पैकी एक गळका. पान्यांचा संच, सहापासून बत्तीसपर्यंत; त्यातला तेरा नंबरचा मुलाने लहानपणी विहिरीत टाकला, त्याची जागा मोकळी ठेवली आहे. हातोड्या, चार. कानशी, अकरा. वंगणाची पिचकारी, एक. गाडीखाली सरकायची चाकांची फळी, एक, यजमानांनी गादी शिवून दिलेली. तीन पायांचे स्टूल, एक, मी स्वतः बनवलेले. प्रत्येक पायाला दोन बोल्ट, एकूण सहा.

"सहा" लिहिले, आणि न मोजता लिहिल्याचे लक्षात आले. म्हणून स्टूल उलटे केले.

बोल्ट पाच आहेत.

येथे लिहिणे थांबवले. पुढचा मजकूर दुसऱ्या दिवशीचा आहे.

कलम ९. अकरा वर्षांपूर्वीची वही काढून पाहिली. त्या दिवशीची ओळ अशी: "गिअरबॉक्स टेकवायला स्टुलाचे पाय सोडून बैठक खाली सरकवली. काम झाले." पाय पुन्हा जोडल्याचे लिहिलेले नाही. जोडले मीच, आणि घाईत, कारण यजमान उभे होते. मूळ स्टूल मी ठकीच्याच जादा बोल्टांनी बनवले होते, त्यामुळे उरलेला बोल्ट तिचाच असणार असे धरून चालले. तिची सगळी भोके मी तीन तीनदा मोजली. स्टूल मोजायचे मला सुचले नाही. ते कोणत्याही बरणीत नव्हते.

बोल्ट लावून पाहिला. बोटानेच आत गेला.

पायाखाली पेपरची घडी अजून होती. यजमानांनी घातलेली शेवटची. त्यानंतर त्या स्टुलावर कोणी बसलेले नाही.

चूक माझी आहे. ठकी अकरा वर्षे निर्दोष होती आणि मी तिला अडवून ठेवले. तिच्यात बसलेल्या माणसालाही. निरीक्षकाने चुकीचे सील ठोकले असेल तर ते त्याने स्वतःच्या हाताने तोडायचे असते, असा आमच्या खात्याचा नियम होता. त्यानुसार कलम ७ मी रद्द करीत आहे. खोडत नाही. लिहिलेले खोडण्याची आम्हांला परवानगी नव्हती, शिवाय ते पुढच्यांनी वाचावे हे बरे.

सूनबाई कामावरून आल्यावर तिला स्टूल दाखवले. तिने बोल्ट बघितला, घडी बघितली, आणि विचारले, "आई, उद्या सकाळी?" मी म्हणाले, "सकाळी आठ."

शनिवारी सकाळी आठ वाजता ठकी गॅरेजबाहेर काढली. तिची कागदपत्रे मी दर वर्षी वेळेवर नवी करून घेत आले आहे, त्यामुळे अडचण आली नाही. मुलाने दारातली खोकी हलवली आणि विचारले, "आई, ब्रेक लागतात ना?"

"अठराव्या वहीत आहेत."

"वहीत नको, गाडीत हवेत."

"गाडीत आहेत म्हणून वहीत आहेत. बस मागे."

सूनबाईला पुढे बसायला सांगितले. ती म्हणाली, "नको आई. आज तरी ती जागा बाबांचीच," आणि मागे नवऱ्याशेजारी जाऊन बसली. मी वाद घातला नाही.

कोपऱ्यापर्यंत गेलो. तेथे थांबून मी उतरले आणि मागच्या रस्त्यावर काही पडले आहे का ते पाहिले. काही पडले नव्हते. मग वळण घेतले आणि पाण्याच्या टाकीला वळसा घालून परत आलो. गाड्या रंगवणाऱ्या रंगाऱ्याने दुकानातून हात केला आणि ओरडून विचारले, "बाई, रंग कधी?" ठकीवर अजून नुसता राखाडी अस्तराचा हात आहे. त्यावर मूळचाच, म्हणजे फिकट बदामी रंग द्यायचा असे मी ठरवले होते.

रंग कोणता द्यायचा ते सूनबाईने ठरवावे. लाल दिला तरी माझी हरकत नाही. बॉनेट मात्र कापू नये.

कलम १०. रद्द केलेल्या कलमाच्या जागी पुढील अट घालते. मोटार आठवड्यातून एकदा तरी रस्त्यावर काढावी. नुसती सुरू करून बंद करू नये. चालकाशेजारची सीट रिकामी ठेवू नये. तेथे कोणीतरी बसलेले असावे, मुलाला प्राधान्य. त्याने पेपर वाचला तरी चालेल. ही अट मी हयात असेपर्यंत मलाही लागू आहे, आणि पुढच्या शनिवारी त्या सीटवर कोणी बसायचे ते ठरलेले आहे. दिरांना निरोप गेला आहे. येताना पाना आणला तर कलम ४ बदलेन.

कलम ११. स्टूल सुनेला, कलम ८ प्रमाणेच. सहावा बोल्ट बसवून आवळला आहे. पेपरची घडी यजमानांच्या सीटखाली ठेवली आहे, ती तेथून काढू नये.

वरील सर्व मी लिहिले, वाचले, आणि यावेळी मोजले. सूनबाईला यातून मिळकत मिळत असल्याने ती साक्षीदार होऊ शकत नाही. साक्षीदार शेजारपाजारचे आहेत, आणि त्यांना यातून चहाखेरीज काहीही मिळणार नाही. मी त्यांच्यादेखत सही केली, त्यांनी माझ्यादेखत केली. सही करताना मी वर नमूद केलेल्या स्टुलावर बसले होते. ते हलले नाही.

सही: लिहून देणार

साक्षीदार १: समोरच्या डॉक्टरीणबाई. लिहून देणार यांना तपासले. बुद्धी शाबूत. गुडघ्यांबद्दल त्यांनी स्वतःच लिहिले आहे.

साक्षीदार २: कोपऱ्यावरचा रंगारी. लाल रंगाचे नमुने सोबत आणले होते.

दिनांक: १० नोव्हेंबर २०२४, रविवार, सकाळ.

ठिकाण: राहत्या घराचे गॅरेज. गाडी बाहेर उभी आहे.