मला काही दुखत नाही

सोमवार, ३ जून

आले बाई एकदाची! खोली टीचभर, पण माझी एकटीची. दाराला आतून कडी आहे. जिने तेरा वर्षं वहिनीच्या स्वयंपाकघरात पथारी पसरली, तिला हा राजवाडाच. काम म्हणजे शुद्धीत नसलेल्या पेशंटांना सांभाळायचं. मला सहा नंबरच्या बाई मिळाल्यात. शाळेत गणित शिकवायच्या. अपघात झाल्यापासून दोन वर्षं अशाच पडून आहेत, डोळे उघडे, हालचाल शून्य.

मोठ्या सिस्टरांनी दोन निळ्या वह्या दिल्या. एक बाईंची, एक हवी तर मला. इथली पद्धत अशी की पेशंटची रोजनिशी आपण लिहायची, तीही ‘मी’ म्हणून. नातेवाइकांना बरं वाटतं. मागची पानं वाचत बसायचं नाही, पुढे लिहीत सुटायचं, असं बजावलं.

बुधवार, ५ जून

बाईंच्या वहीत लिहिलं: आज मला खूप प्रसन्न वाटलं. खिडकीतून ऊन आलं. मला काही दुखत नाही.

उचलली जीभ लावली टाळ्याला, त्यात काय! स्वतःबद्दल लिहिताना मला एवढं सुचत नाही. कूस बदलताना बाईंची डावी पापणी मिटते. सिस्टर म्हणाल्या, ती सवय आहे, आत कोणी नाही.

रविवार, ९ जून

बाईंची मुलगी आली होती. वही वाचून रडली आणि माझे दोन्ही हात धरून बसली. एवढ्या वर्षांत माझे हात कोणी धरले नव्हते. खोटं इतकं गोड लागतं होय!

बुधवार, १२ जून

डॉक्टर फेरीला आले. वही चाळली आणि बाईंचं रोजचं दुखण्यावरचं इंजेक्शन बंद करून टाकलं. पेशंट स्वतःच म्हणतेय दुखत नाही, असं वर हसून म्हणाले. सगळे हसले. मीही हसले मेली.

गुरुवार, १३ जून

अंग पुसताना पापणी सारखी मिटत होती. गंमत म्हणून म्हटलं, बाई, ऐकू येत असेल तर दोनदा मिटा. दोनदा मिटली. माझ्या हातातला टॉवेल गळून पडला. सात आणि पाच किती, असं विचारलं. बारा वेळा मिटली. मी मोजली.

मग विचारलं, दुखतं का? हो असेल तर एकदा मिटा. मिटली, आणि बराच वेळ उघडलीच नाही.

शुक्रवार, १४ जून

सिस्टरांना सांगितलं. नव्या बायकांना असे भास होतात म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, खरं निघालं तर त्या मुलीने ही दोन वर्षं कुठे ठेवायची? डॉक्टरांनी तर ऐकूनच घेतलं नाही. मी परत बाईंच्या खाटेपाशी आले.

सकाळपासून उजवा हात बधिर. कप फुटला. थकवा असेल म्हणे.

शनिवार, १५ जून

उद्या मुलीला सांगणार. नोकरी गेली तर पुन्हा वहिनीचं स्वयंपाकघर — जाऊ दे. वहिनीही लोकांना हेच सांगायची, ताईंना काही लागत नाही हो, सुखात आहेत. माझ्यासमोर सांगायची. मी ऐकायचे.

बाईंना म्हटलं, उद्यापर्यंत सोसा. एकदा मिटली. — ओळ धरवत नाही, अक्षर उतरतंय —

रविवार, १६ जून

मुलगी खाली आलीय. पाय उचलत — जिना — हाक मारते तर तोंडातून भलतंच — मी आहे इथे, मला सगळं कळ

बुधवार, ३ जुलै

आज मला खूप प्रसन्न वाटलं. मी आता सात नंबरच्या खाटेवर असते, गणिताच्या बाईंच्या शेजारी. माझ्या उशाशी ही वही सापडली, अर्धी कोरी होती, म्हणून तीच पुढे चालवायची ठरली. मला सांभाळायला आलेल्या नवीन ताई फार प्रेमळ आहेत आणि त्यांचं अक्षरही सुरेख आहे. मागची पानं त्या वाचत नाहीत. वहिनी भेटून गेली. वही वाचून तिला खूप बरं वाटलं.

खिडकीतून ऊन आलं. माझी डावी पापणी सारखी मिटते, आत्ताही मिटतेय, पण ती सवय आहे. मला काही दुखत