गतकुळीचे रान

गतकुळीचे रान मला कचेरीच्या एकवीस हेलपाट्यांना, एका बैलाला आणि एका खोट्या शब्दाला पडले. दस्तात फक्त नजराणा लिहिला आहे, म्हणून हे आधी.

मी, कुंडलिक चिमाजी साळेकर, वय सुमारे सत्तर, धंदा हिरड्याचा, राहणार वरवे बुद्रुक, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या भिडेला न पडता लिहून ठेवतो. बापाने मला एक कांबळे ठेवले. बाकी सारे मी कानांनी कमावले. बाजारात चार गिऱ्हाइकांपलीकडचा भाव मला ऐकू येई. माझ्या कानांतून एखादा शब्द सुटल्याचे कोणी दाखवून द्यावे.

१. घर व तराजू मुलगा ज्ञानू यास. दांडी एका अंगाला झुकते. ती त्याने नीट करावी. मी केली नाही. माजघर हयातभर पत्नी अंबूबाईचे.

२. चुलतभाऊ सावळाराम यास माझी छत्री. वीस वर्षांमागे त्याने मागितली, मी दिली नाही, तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. आता ती गळते.

३. गतकुळीचे रान. कूळ म्हणजे घराणे, गत म्हणजे गेलेले. घराणे मेले किंवा परागंदा झाले की त्याची जमीन गतकुळी. जुनी वहिवाट अशी, की दवंडी पिटून ती दुसऱ्यास द्यावी. पण गेलेल्यांतले कोणी परतले आणि चावडीत ओळख पटली, तर उभे पीक काढून रान सोडावे. म्हातारे पाटील म्हणत, 'गत' हे कागदावर पक्के, गावात कच्चे.

हे रान वालगुड्यांचे. प्लेगात घर उठले. सन १९३१ मध्ये दवंडीच्या आदल्या आठवड्यात वेल्ह्याच्या बाजारात कोंडिबा धनगर पासलीच्या एका बाईस म्हणाला, "बये, वरव्यात तुझ्या बापाचं रान हाय न्हवं?"

"हाय की. पर तितं मला वळखतंय कोण?"

मी पाठमोरा हिरडा मोजत होतो.

चावडीत कारकुनाने विचारले, "वालगुड्यांपैकी कोणी ऐकिवात?"

"न्हाई जी," मी म्हणालो. दवंडी वरव्यात झाली. पासलीपर्यंत ढोल पोचत नाही.

ते रान बयाबाई, राहणार पासली, हिला द्यावे. ज्ञानू म्हणतो, "तात्या, तिनं कदी मागितलं का?" मागितले असते तर हे कलम लिहावे लागले नसते. तिला ओळखतो कोण, तर मी ओळखतो. उभे पीक ज्ञानूने काढून घ्यावे, बांध मोडू नये.

साक्षीदार: म्हादू बाजी शिंगाडे, गेनबा आबा पांगारे.
मुक्काम वरवे बुद्रुक, तारीख ११ मार्च १९५८.
कुंडलिक चिमाजी साळेकर, निशाणी डावा अंगठा.

वरील मजकूर लिहिणाराने मला तीनदा ओरडून वाचून दाखवला. गेली तीन वर्षे मला धड ऐकू येत नाही.