निष्क्रिय

४ मे
अखेर मलाही कोरोना झाला. ताप किरकोळ, कोंडणूक पूर्ण — मागची खोली, एकच खिडकी, तीही समोरच्या भिंतीकडे तोंड करून. ही दाराबाहेर ताट ठेवते आणि मी दार उघडायच्या आत पसार होते. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पुन्हा चोरट्या भेटी.

ऑफिसचा संगणक घरी आलाय. मी पत्रव्यवहारातला माणूस; पण अकाउंटंट — आमचा कुबेर — हॉस्पिटलात, म्हणून बिलं माझ्या गळ्यात. सॉफ्टवेअरमध्ये बिल मंजूर झाल्याशिवाय गेटपास नाही, गेटपासशिवाय ऑक्सिजनचं एकही सिलिंडर गोदामाबाहेर नाही. मंजुरीचा हक्क फक्त कुबेराला. तो खाटेवरून, नाकात नळी घालून, मोबाइलवर मंजूर करतो.

५ मे
कुबेराचा फोन. "पंडित, सिलिंडर तो की ते?" ते, म्हटलं. शास्त्राधार देणार, तोच — "मग बिलात 'पाठवला' का लिहिलंस? व्याकरणापायी अडवलंय." हसता हसता खोकला. फोन नर्सने बंद केला.

७ मे
मंजुरी यायला दुपार झाली. गोदामाच्या दारात पेशंटांचे नातेवाईक. चौकीदार म्हणाला, "साहेब, बिलं तुमची, शिव्या मला."

शेठ म्हणाले, "तिथे तुमचं नाव टाका ना." टाकायला गेलो. मंजुरीदार एकच चालतो; आधीच्याला 'निष्क्रिय' करा म्हणे. आमच्या शास्त्रात निष्क्रिय म्हणजे साक्षात ब्रह्म. इथे नाव करडं होऊन यादीच्या तळाशी जातं. बटणापर्यंत बोट नेलं, मागे घेतलं.

हिला दाराआडून विचारलं. "माणूस श्वास घेतोय आणि तुम्ही त्याला पुसताय?" मग म्हणाली, "पण दारातले लोकही श्वासासाठीच उभे आहेत."
दोन्ही बाजूंनी वकिली हीच करते.

८ मे
दिवसभर मंजुरी नाही. शेठांनी दुसऱ्या गोदामातून थोडी सोय केली, पुरली नाही. काही लोक रिकामे परतले. माझ्यामुळे. उद्या उठल्या उठल्या बटण दाबणार. कुबेर परत येऊन शिव्या घालील — घालू दे, मोजून घालील.

९ मे
उघडलं, तर कुबेराचं नाव आधीच करडं. मंजुरीदार मी. बदल करणारा — कुबेर स्वतः. वहिनींचा फोन आला: रात्री मशीनवर घेण्याआधी डॉक्टरांना थांबवून त्याने मोबाइल मागितला. अजून शुद्धीवर नाही.

अडकलेली सगळी बिलं सोडली. मग कारणाचा रकाना पाहिला. त्याने निवडलंय — 'रजा'. 'कधीपर्यंत' कोरं.