अल्माझबाईंकडचा तिसरा कप

प्रिय मिल्या,

तू जाऊन वर्ष होत आलं आणि मी आज लिहायला बसलोय, कारण मेल्विनने पुन्हा इथिओपियाची तिकिटं काढलीत. तेच डोंगर, आपण तिघं उतरलो होतो तेच अल्माझबाईंचं घर. माझी रजा अजून मंजूर नाही. मॅनेजर आज फोन करतो म्हणालाय. हे तुला नाही सांगायचं तर कुणाला?

आठवतं का रे? मंदी नुकती दारात आली होती. शारजात, अल नहदातल्या आपल्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या गाड्या वाढत चालल्या होत्या, मालक गाशा गुंडाळून पसार. रोज कुणाची तरी नोकरी खलास! मेल्विनच्या हॉटेलात माणसं कमी करणार होते, माझं प्रोजेक्ट बंद पडलं होतं. तू म्हणालास, ठरलंय ना, मग जायचंच, यल्ला, चला. आम्ही आलो खरे, पण जीव सगळा इकडे ऑफिसात.

काय हवा होती लेका तिथली! धुकं, निलगिरीच्या लाकडांचा धूर, उतारावर जवाची हिरवी शेतं. आणि आम्ही दोघं काय करतोय, तर मोबाईलची रेंज शोधतोय! ती यायची फक्त चर्चमागच्या टेकाडावर.

दुपारी अल्माझबाई जमिनीवर ताजं गवत पसरून कॉफी करायच्या. बिया समोरच भाजायच्या, कुटायच्या. मग त्याच पुडीवर पुन्हा पुन्हा पाणी घालून तीनदा कॉफी. तिसरा कप आशीर्वादाचा, तो घेतल्याशिवाय पाहुण्याने उठायचं नाही, अशी त्यांची रीत. आम्ही पहिला कप घशात ओतून टेकाडाकडे पळालो. बाई हिरमुसल्याच. भरल्या ताटावरून उठल्यासारखंच झालं ना ते!

तू मात्र रोज मांडी घालून शेवटपर्यंत बसायचास. वर आम्हालाच ऐकवलंस, "अरे, टेकाडावर उभं राहून नोकरी वाचणार आहे का? बसा." मला तुझा हेवा वाटायचा, आणि रागही यायचा.

परतीच्या विमानात पट्टा लावता लावता तू सांगितलंस. तुझी नोकरी आपण निघायच्या आदल्या दिवशीच गेली होती. वैशालीवहिनींना माहीत होतं, त्यांनीच जाऊन या म्हटलं होतं. केवढा चिडलो होतो मी तुझ्यावर! तू आपला हसत बसलास.

मग तुला अबुधाबीची नोकरी लागली. पहाटे शारजाहून निघायचं, अंधार पडल्यावर परत. दर वर्षी विचारायचो, मिल्या, डोंगर? पुढच्या वर्षी, इन्शाल्ला. माझ्या इराच्या वाढदिवसाला आलास तर केक कापून झाला तरी तू बाल्कनीत फोनवर. तुला निवांत बसलेलं मी एकदाच पाहिलंय, आणि तेव्हा तुला नोकरी नव्हती! हे काय रे तुझं? आम्हाला बसा म्हणालास आणि स्वतः त्या टेकाडावर जाऊन उभा राहिलास. छातीत दुखत होतं तर मीटिंगमधून उठायचं होतंस ना, गाढवा! वहिनी अजून तेच विचारतात, दुखत असून का नाही उठले?

काल इरापुढे रजेचं रडगाणं गायलो. ती लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाली, "बाबा, जस्ट गो."

इथवर लिहिलं आणि मॅनेजरचा फोन आलाच. म्हणाला, रजा घे, पण परत आल्यावर तुझी जागा असेलच असं नाही. पूर्वीचा मी असतो तर तिथेच सॉरी सर म्हणून मोकळा झालो असतो. आज तोंडातून निघून गेलं, "सर, मी जातोय."

तुला शब्द देतो मिल्या, तिसरा कप घेतल्याशिवाय उठणार नाही. मेल्विनलाही उठू देणार नाही, हाताला धरून बसवीन. फक्त अल्माझबाई विचारतील, तुमच्यातला तो मांडी घालून बसणारा कुठे राहिला?

तुझा,
पहिल्याच कपावर उठून पळालेला
सत्या