टायरचा दोष

२१ ऑक्टोबर, सोमवार

डेअरीच्या वळणावर हे मोटरसायकलवरून पडले, त्याला दीड महिना झाला. गुडघ्यावरची खपली कधीच गळून गेली. गाडी मात्र खाली पार्किंगमध्ये कव्हर पांघरून बसली आहे, आजारी असल्यासारखी.

पडल्यापासून हे सगळ्यांना एकच सांगतात: टायर घसरला. शेजाऱ्यांना तेच, डॉक्टरांना तेच, फोनवर लेकीलाही तेच. टायर गुळगुळीत झाले होते, त्यात वळणावर खडी.

मग उपाय सोपा आहे. टायर बदलायचे. इतके दिवस हे कोणालाच कसं सुचलं नाही?

संकल्प: १७ नोव्हेंबरला लग्नाचा वाढदिवस. त्या दिवशी नव्या टायरवर तलावापर्यंत जायचं, पूर्वीसारखं. यांना सांगितलं. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, बघू.

म्हणजे हो. छत्तीस वर्षांचा अनुभव आहे माझा.

२३ ऑक्टोबर, बुधवार

टॉर्च आणि भिंग घेऊन खाली गेले. टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत केवढं काही लिहिलेलं असतं. पुढचं चाक एकोणीस इंची, मागचं अठरा. सगळं उतरवून घेतलं. उठताना वॉचमनचा हात धरावा लागला.

यांना विचारलं, कुठल्या नक्षीचा घेऊ? सरळ रेघांचा की ठोकळ्यांचा? म्हणाले, तुला आवडेल तो घे, पडद्याचं कापड घेतेस तसा.

एके काळी हा माणूस मित्रांशी टायरवर तासभर बोलायचा. आज दमले असतील. मीही दमलेच आहे, पण मी बोलून दाखवत नाही.

२६ ऑक्टोबर, शनिवार

टायरच्या दुकानात गेले. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी नव्या कॅनव्हासच्या बुटांना यायचा तोच वास. क्षणभर शाळेतल्या सिस्टर रांगेत उभं करतील असं वाटलं.

दुकानदाराने आधी विचारलं, साहेब कुठे आहेत. साहेब विश्रांती घेतात म्हटलं. मग ट्यूबलेस टायर मागितले, कारण हल्ली तेच चांगले. तो म्हणाला, मावशी, गाडीला स्पोकची चाकं आहेत ना? रिमला प्रत्येक स्पोकसाठी भोक असतं, त्यातून हवा जाईल. ट्यूब लागणारच. मी म्हटलं, माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे का ते बघत होते.

मऊ रबराचे घेतले. लवकर झिजतात, पण रस्ता धरून ठेवतात. आम्हाला कुठे जगप्रवास करायचा आहे? पुढचा रेघांचा, मागचा ठोकळ्यांचा. मागचा जरा रुंदच घेतला. तो म्हणत होता, चेनच्या कव्हरला घासेल. हे लोक घाबरट असतात.

२७ ऑक्टोबर, रविवार

लेकीचा फोन. तिला टायरचं सगळं सविस्तर सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारते, आई, बाबांनी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली का?

मी म्हटलं, अगं, विषय टायरचा चालला आहे.

लेक हुशार आहे माझी, पण विषयाला धरून बोलणं तिला कधी जमलं नाही. निबंधातही तसंच व्हायचं.

३० ऑक्टोबर, बुधवार

दुकानदार स्वतः आला. पार्किंगमध्ये मागचं चाक काढलं आणि लोखंडी पट्ट्या घालून टायर रिमवरून उतरवला. मी खुर्ची टाकून बसले होते.

जुना टायर हातात फिरवत म्हणाला, मावशी, हा कशाला बदलताय? नक्षी आहे की अजून. वर्षभर सहज चालला असता. खणखणीत आवाज आहे त्याचा, सगळ्या इमारतीला ऐकू गेलं असेल. हे वर बाल्कनीत उभे होते, ते आत गेले. ऊन लागलं असेल.

दुकान चालवतो, पण टायरमधलं कळत नाही. मी वाद घातला नाही.

नवा टायर चेनच्या कव्हरला घासतो. चाक फिरवून फिरवून मला तो खर्र खर्र आवाज ऐकवला त्याने. एकदा ऐकवला असता तरी कळलं असतं. टायर परत गेला. पुढचा मात्र नीट बसला.

जुने टायर वर आणून ठेवले. टाकवेनात. त्यांच्यावर बसून किती फिरलो.

२ नोव्हेंबर, शनिवार

आज योग्य मापाचा मागचा टायर आला. भिंगाने बघितलं. टायर कधी बनला तेही त्याच्यावर आकड्यांत लिहिलेलं असतं. तीन वर्षं जुना निघाला. म्हटलं, दुसरा आणा. तो म्हणाला, मावशी, टायर आहे, दूध नाही. पण आणला.

बसवून झाल्यावर माझं लक्ष बाणाकडे गेलं. चाक ज्या दिशेने फिरतं त्या दिशेला बाण हवा, हा उलटा. तो म्हणाला, बाण शोभेचा असतो. मी विचारलं, शोभेसाठी कोणी बाण लावतं का? पुन्हा सगळं उतरवून सुलट केलं. चहा दिला. चहा पिताना विचारतो, साहेबही असेच कडक आहेत का?

म्हटलं, नाही, साहेब काहीच बोलत नाहीत.

हे लिहिताना जरा विचित्र वाटलं. पण खरं आहे.

३ नोव्हेंबर, रविवार

मागचा टायर हवा जाऊन रात्रीत बसला. बसवताना पट्टीखाली ट्यूब चिमटली, हे उघड आहे. दुकानदार म्हणतो, ट्यूबच खराब होती. स्वतःच्या हातून झालेलं कोणी कबूल करत नाही, वस्तूवर ढकलून मोकळे होतात. जेवताना यांना हे सांगितलं. खूप वेळ घास चावत राहिले.

नवी ट्यूब घातली.

७ नोव्हेंबर, गुरुवार

हवा अगदी टिकून आहे. दोन्ही टायर काळे कुळकुळीत, ठोकळे असे की बोट रुतावं. यांना म्हटलं, चला, चौकापर्यंत एक चक्कर. म्हणाले, चेन सैल वाटते.

मेकॅनिककडून चेन ताणून घेतली.

९ नोव्हेंबर, शनिवार

म्हणाले, ब्रेक जड झालाय. ब्रेकही करून घेतला.

११ नोव्हेंबर, सोमवार

म्हणाले, सीट टोचते. सीटमध्ये नवा फोम भरून आणला. माझी पाठ धरली आहे. पण गाडी आता इतकी ठणठणीत झाली आहे की यांना तक्रारीला जागाच उरली नाही. संध्याकाळी बिचारे तिच्याभोवती फिरून काहीतरी शोधत होते.

चहा ओतताना यांनी निम्मा टेबलावर सांडला. चूक माझीच. कप यांच्या उजव्या हाताला ठेवायला नको होता.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

मागे बसण्याची तालीम केली, गाडी स्टँडवर असताना. पाय सीटवरून पलीकडे जात नाही. पूर्वी कसा जायचा कोण जाणे. स्टूल घेतल्यावर जमलं. चढायला स्टूल इथे आहे, पण तलावावर उतरून परत चढायचं कसं, हा प्रश्न आहे. तलावावर एखादा कठडा असेलच. आहे. कपडे वाळत घातले होते त्यावर, लेक लहान असताना पाण्यात पडली तेव्हा.

हवामान चांगलं आहे. सगळं तयार आहे.

लेकीला मेसेज केला: परवा जातो. तिने नुसतं लिहिलं, आई.

१७ नोव्हेंबर, रविवार

सकाळी उठून डबा भरला, थर्मास भरला. हे गुळगुळीत दाढी करून आले. निळा शर्ट. मला वाटलं, झालं, जिंकले मी.

खाली गेलो. यांनी हेल्मेट हँडलला अडकवलं, डोक्यात घातलं नाही. गाडी स्टँडवरच सुरू केली. मी स्टुलावरून मागे बसले. कॉलरच्या वर यांच्या मानेवर एक तीळ आहे. मी मागे बसले की सगळी वाट तोच बघत जायचे. रस्ता यांनी बघायचा, तीळ मी. तीळ आहे तिथेच आहे. भोवतीचे केस सगळे पांढरे.

गाडी सुरू होती, हलत नव्हती. वॉचमनने गेट उघडून धरलं होतं. मी म्हटलं, जायचं ना? यांनी चावी फिरवली. एकदम शांत झालं.

मागे न बघता म्हणाले, उजवीकडचं मला दिसत नाही गं. त्या दिवशी वळणाची कडाच दिसली नाही. टायर चांगले होते.

मी मांडीवरचा डबा सावरला.

मग म्हणाले, लोकांना काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं. तू खरंच बदललेस.

वॉचमनने गेट लावून घेतलं. डबा वर येऊन जेवणाच्या टेबलावर खाल्ला. थर्मासमधला चहा अजून गरम होता. चांगला आहे थर्मास.

२४ नोव्हेंबर, रविवार

गुरुवारी लेक येऊन यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेली सांभाळायची. थेंब दिले आहेत.

आज सकाळी गाडी गेली. कॉलेजात शिकवणारा एक तरुण घेऊन गेला. आधी त्याने टायर दाबून बघितले, वाकून बाणसुद्धा बघितला. विचारलं, हे टायर कोणी निवडले? फार विचार करून निवडलेत. यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, म्हणजे मी मघाशी जिथे उभी होते तिकडे. मी सरकून तिथे उभी राहिले.

नवे टायर गेले. जुने दोन बाल्कनीत आहेत.

दुपारी दोघं बसने तलावावर गेलो. मी यांच्या उजव्या बाजूला बसले. पाणी कमी होतं, कठडा आहे. पूर्वीसारखं वाटलं असं लिहिणार होते, पण नाही वाटलं. बरं वाटलं.

परतताना बसच्या पायरीवर हे अडखळले. मी दंड धरला म्हणून निभावलं. मागची माणसं थांबून बघत होती. हे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, चप्पल घसरली.

घरी आल्यावर चप्पल उलटी करून बघितली. नक्षी आहे की अजून. वर्षभर सहज चालेल.

आतून यांनी विचारलं, काय बघतेस?

म्हटलं, अगदी गुळगुळीत झाली आहे हो. उद्याच नवी घेऊ.