सूनबाईच्या पहिल्या पाच मॅच

फुलसावंगी,
सोमवार

प्रिय लखीराम यास मारोतचा रामराम.

पत्रास कारण की तू फोन उचलत नाहीस. गुडघा कसा आहे? अमरावतीला लेकीकडे दोन्ही वेळा ऊन ऊन भाकर मिळते, असं बिजलीवहिनी आमच्या इंदूला सांगत होत्या (म्हणजे वहिनींचा फोन लागतो, तुझाच लागत नाही). इकडे आम्ही मजेत. मजेत कसले, लखीराम, आपली फुटबॉलची टीम फायनलला गेली आहे. येत्या रविवारी, लोहाऱ्याला. तू तिथे असायलाच हवंस, म्हणून हे एवढं लांबण लावतो आहे.

पोळा झाला आणि तू तडकाफडकी कोचपद सोडून गेलास, तेव्हा धावजी नायकाची सून ममता कोच झाली. पुसदला कॉलेजात खेळलेली पोरगी. आम्ही मैदानाकडेच्या धुऱ्यावर, बांधावर बसून मॅच पाहणारे लगेच तुलनेला लागलो. पहिल्या पाच मॅचमध्ये कोच कळतो, हा नियम आमच्यातल्या भगवानरावांनी काढला आणि तुझ्या पहिल्या पाच त्यांनीच बोटांवर मोजल्या. चार हरलो, एक जिंकलो (तीही मुकुटबनवाल्यांचा टेम्पो वाटेत पंक्चर झाला आणि ते आलेच नाहीत म्हणून). ममताच्या पाच म्हणजे चार विजय, एक बरोबरी. त्या बरोबरीवरही भगवानरावांनी नाक मुरडलं. तुझ्या काळात बरोबरी झाली की आपण गुलाल आणायचो, हे ते सोयीने विसरले.

हिचा नियम एकच. सकाळी सहाच्या सरावाला जो नाही, तो मॅचला बाहेर. तू कापसाच्या वेचणीत घरोघर फिरून, कोण मोकळा आहे ते पाहून अकरा जण जमवायचास (एकदा दहाच भरले तर मला गोलात उभं केलंस, सात गोल झाले, पण मी जागा सोडली नाही). हिने आमच्या कपिललाच बसवलं. कपिल कॅप्टन, माझा मुलगा, आणि मैदान माझ्याच पडीत वावरात. मी तावातावाने गेलो. पोरगी शांतपणे म्हणाली, "काका, वावर तुमचं हाय, टीम नाही. बादल तांड्यावरून साडेपाचले येते. कपिल काहून येत नाही?"

मग मी वावर नांगरून टाकतो म्हणालो आणि मॅचच्या दिवशी खरोखरच ट्रॅक्टरला नांगर लावून धुऱ्यावर आलो. पण खेळ सुरू झालेला, म्हटलं अर्धा पाहू. कपिलविना आपण उमरखेडला तीन-शून्यने धूळ चारली. तिसरा गोल बादलने मारला तेव्हा मी ट्रॅक्टरच्या सीटवर उभा राहून नाचत होतो, असं इंदू सांगते. संध्याकाळी नांगर काढून ट्रॉली लावली आणि तिच्यात अख्खी टीम बसवून गावभर मिरवली. कपिल आता पाचलाच उठतो.

लेकीला, जावयांना आशीर्वाद. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझा,
मारोत

ता. क. मिरवणुकीत ममताच्या हाती माईक दिला. ती म्हणाली, "पोरायचे पाय लखीरामकाकानं घडवले. म्या फकत टाइमाची सवय लावली." भगवानरावांनी बोटं मोजायचं सोडून टाळ्या वाजवल्या.

आणखी एक ता. क. पोळ्याच्या तोरणाखाली तुझ्या हरण्यावर शंकरसिंगने चार ओळींची टिंगलीची झडती म्हटली, अख्खा गाव हसला आणि दुसऱ्या दिवशी तू बॅग भरलीस. त्या बिचाऱ्याने ती नुसती म्हटली. रचली मी होती. तू शंकरसिंगशी बोलणं टाकलंस तरी मी गप्प बसलो, याची मला फार लाज वाटते. परवा ममतावर झडती रचायला बसलो, एक ओळ सुचली नाही. लखीराम, अकरा वर्षं आमच्यासाठी तू एकट्याने हार पचवलीस. रविवारी जिंकलो आणि तू शेजारी नसलास, तर ते जिंकणं मला गोड लागणार नाही.

मॅच तीनला आहे. मला शिव्या द्यायच्या असतील तर दोनलाच ये.